दाताचा एक्स-रे आणि जबड्यातील गाठ

जबड्याच्या हाडात दात घडतात, आणि ही एकच गोष्ट त्याला शरीरातील इतर हाडांहून वेगळे ठरवते. गर्भावस्थेत तोंडाच्या अस्तराचा एक पदर हाडाच्या जागेत खोल उतरतो, त्यातून दाताचे कठीण कवच म्हणजे इनॅमल घडवणाऱ्या पेशी निर्माण होतात, आणि दात उगवून आपल्या जागी बसल्यावर या पेशींचे काम संपले तरी त्यांचे तुटक अवशेष हाडात आणि हिरडीत आयुष्यभर पडून राहतात. बहुतेकांच्या बाबतीत ते निरुपद्रवी असतात. काहींच्या बाबतीत मात्र त्यांतील एखादा पुंजका पुन्हा वाढू लागतो आणि त्यातून द्रवाने भरलेली पिशवी, म्हणजे सिस्ट, किंवा पेशींची घन गाठ, म्हणजे ट्यूमर, तयार होतो. दात घडवणाऱ्या ऊतींपासून उद्भवणाऱ्या या विकारांना दंतजन्य विकार म्हणतात. त्यांच्या जोडीला इतर हाडांत होणाऱ्या गाठीही जबड्यात होऊ शकतात, त्यामुळे जबड्यातील गाठींची यादी बरीच लांब आहे. सुदैवाने त्यांतील बहुसंख्य सौम्य, म्हणजे शरीरात दूरवर न पसरणाऱ्या, असतात.

सौम्य असल्या तरी त्या हाड पोखरतात, आणि तेही बहुधा न दुखता. खालच्या जबड्याची रचना पाहिली तर याचे कारण कळते. बाहेरून जाड, टणक हाडाचे आवरण आणि आत जाळीदार, पोकळ्यांचे मऊ हाड अशी ती रचना असल्याने वाढणारी गाठ आधी आतल्या जाळीदार भागात पसरते, बाहेर सूज दिसत नाही, चघळताना त्रास होत नाही, आणि गाल एका बाजूने फुगलेला दिसेपर्यंत, कवळी बसेनाशी होईपर्यंत किंवा हिरड्या धडधाकट असतानाही दात हलू लागेपर्यंत कित्येक वर्षे निघून गेलेली असतात. साहजिकच अशा अनेक गाठींचा पहिला सुगावा लागतो तो दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी, एखाद्या किडलेल्या दाढेसाठी किंवा दातांना तारा लावण्याआधी, काढलेल्या एक्स-रेमध्ये. दाताचा एक्स-रे हा दाताइतकाच जबड्याचाही एक्स-रे असतो, ही गोष्ट रुग्णाच्या ध्यानात नसते हे समजण्यासारखे आहे. परंतु घाईच्या दवाखान्यात डॉक्टरांच्याही ती कधी कधी ध्यानात राहत नाही, आणि तेथेच संधी हुकते.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म रॉन्टजेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे लावला आणि त्याची वार्ता प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच, जानेवारी 1896 मध्ये, ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी छायाचित्रणाची काच स्वतःच्याच तोंडात धरून, 25 मिनिटे किरण घेऊन, दातांचे पहिले क्ष-किरण चित्र मिळवले. आज हेच काम सेकंदाच्या अल्पांशात होते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील एडमंड केल्स हे या तंत्राच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक. यंत्र जुळवताना वर्षानुवर्षे स्वतःच्या हातावर किरण घेतल्याने त्यांना कर्करोग झाला, आधी बोटे, मग हात गमवावा लागला आणि 1928 मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. दंतचिकित्सेत किरणांच्या मात्रेविषयी आज जी दक्षता बाळगली जाते तिच्यामागे अशा माणसांनी मोजलेली किंमत आहे.

चित्र कसे उमटते हे थोडक्यात असे सांगता येईल. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना कॅल्शियमने भरलेल्या दाट भागात जास्त शोषले जातात आणि मऊ भागातून सहज पार होतात. म्हणून इनॅमल आणि घट्ट हाड चित्रात पांढरे, जाळीदार हाड करडे आणि पोकळी किंवा मऊ ऊती काळसर दिसतात. जबड्यातील बहुतेक गाठी मऊ असल्यामुळे त्या काळ्या डागाच्या रूपात दिसतात, तर ज्या गाठी स्वतः हाडासारखा किंवा दातासारखा कठीण पदार्थ तयार करतात त्या पांढऱ्या दिसतात. मात्र एक मूलभूत बाब नजरेआड होता कामा नये, ती अशी की काळ्या डागात दिसते ते गाठीचे स्वरूप नसून तिच्यामुळे हाडाचे काय झाले त्याची नोंद असते. गाठीतल्या पेशी कोणत्या, हे एक्स-रेला दिसत नाही, आणि अनुभवी वाचक हाडाच्या प्रतिक्रियेवरून त्या पेशींच्या स्वभावाविषयी अनुमान बांधतो.

ही नोंद उशिरा उमटते, हा या तंत्राचा मोठा दोष आहे. 1961 मध्ये बेंडर आणि सेल्ट्झर या दोन अमेरिकन संशोधकांनी मृत व्यक्तींच्या जबड्यांत मुद्दाम पोकळ्या कोरून त्यांचे एक्स-रे घेतले, तेव्हा त्यांना असे आढळले की आतले जाळीदार हाड बरेचसे काढून टाकले तरी चित्रात फारसा फरक दिसत नाही. बाहेरच्या टणक आवरणाला आतून धक्का लागतो तेव्हाच काळा डाग स्पष्ट होतो. साधारणपणे हाडातील खनिजांचा 30 ते 50 टक्के भाग नष्ट झाल्याशिवाय साध्या एक्स-रेमध्ये बदल ओळखू येत नाही, असे मानले जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की एक्स-रेमध्ये डाग दिसला तर काहीतरी नक्की आहे, पण डाग दिसला नाही म्हणून काहीच नाही असे म्हणता येत नाही.

दवाखान्यात ज्याला आयओपीए म्हणतात तो छोटा एक्स-रे तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून घेतला जातो आणि त्यात तीन-चार दात मुळांसकट अतिशय स्पष्ट दिसतात. फिल्मची जागा सेन्सरने घेतलेल्या पद्धतीला आपल्याकडचे डॉक्टर आरव्हीजी म्हणतात. ती 1980 च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुयाँ यांनी विकसित केली. गाठींच्या दृष्टीने या छोट्या चित्राची मर्यादा उघड आहे: गाठ त्याच्या चौकटीपेक्षा मोठी असली तर तिची कड दिसतच नाही. तेथे ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, उपयोगी पडते. फिनलंडमधील यर्यो पाटेरो यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र सिद्ध केले आणि 1961 मध्ये त्याचे यंत्र बाजारात आले. किरणांची नळी आणि तिच्या समोरची फिल्म रुग्णाच्या डोक्याभोवती एकत्र फिरतात, त्या फिरण्याची गती अशी जुळवलेली असते की जबड्याच्या कमानीचा एक ठरावीक पट्टा तेवढा स्पष्ट उमटावा आणि पुढचे-मागचे भाग पुसट व्हावेत, आणि साधारण पंधरा-वीस सेकंदांत दोन्ही जबडे, सारे दात, कानाजवळचे सांधे आणि वरच्या जबड्यातील सायनसच्या पोकळ्यांचा खालचा भाग असे सगळे एका लांबट चित्रात येते. पुढच्या दातांच्या भागात मानेच्या मणक्यांची छाया पडते, मापे खऱ्यापेक्षा मोठी दिसतात, आणि तीन मितींची वस्तू दोन मितींत सपाट होते. तरीही जबड्यातील गाठीचा पहिला शोध लावण्यासाठी इतके स्वस्त, सुलभ आणि व्यापक साधन दुसरे नाही.

चित्र हाती आल्यावर खरे काम सुरू होते. तज्ज्ञ आधी डागाची जागा पाहतो. खालच्या जबड्याच्या आतून ओठाला संवेदना देणारी नस एका कालव्यातून जाते. डाग या कालव्याच्या वर असेल तर तो दंतजन्य असण्याची शक्यता अधिक, कारण दात आणि त्यांचे अवशेष कालव्याच्या वर असतात. डाग कालव्याच्या खाली असेल तर कारण बहुधा वेगळे. 1942 मध्ये एडवर्ड स्टॅफ्ने यांनी जबड्याच्या कोनाजवळ, कालव्याच्या खाली दिसणाऱ्या अंडाकृती काळ्या डागांचे वर्णन केले. त्या जागी हाडाच्या आतल्या पृष्ठभागावर एक खळगा असतो आणि त्यात बहुधा लाळग्रंथीचा भाग बसलेला असतो. तो आजारच नव्हे. जागेच्या या एका खुणेमुळे आजवर कितीतरी रुग्णांची विनाकारण होणारी शस्त्रक्रिया टळली असेल, आणि दुर्लक्षाप्रमाणेच अतिउत्साहही निदानात किती घातक ठरू शकतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्यानंतर कड पाहावी लागते, आणि या परीक्षेत कडेइतके बोलके दुसरे काही नाही. गाठ हळू वाढत असेल तर हाडाला सावरायला वेळ मिळतो, ते गाठीभोवती नव्या घट्ट हाडाची बारीक पांढरी रेषा बांधते, आणि चित्रात पेन्सिलीने आखल्यासारखी सीमा दिसते. गाठ झपाट्याने वाढत असेल तर हाड हरते, सीमा पुसट आणि कुरतडलेली दिसते, आणि निरोगी हाड कोठे संपले व रोगट कोठे सुरू झाले ते सांगता येत नाही. पहिले चित्र बहुधा सौम्य विकाराचे, दुसरे कर्करोगाचे किंवा तीव्र जंतुसंसर्गाचे. दातांवर होणारा परिणामही याच तर्काने वाचला जातो: सावकाश वाढणारी सौम्य गाठ दातांना बाजूला ढकलते आणि कधी त्यांची मुळे विरघळवते, तर वेगाने पसरणारा कर्करोग दातांना जागेवरून न हलवता त्यांच्याभोवतीचे हाडच खाऊन टाकतो, त्यामुळे दात आधाराविना तरंगत असल्यासारखे दिसतात.

या वाचनाची खरी कसोटी अमेलोब्लास्टोमा या गाठीत लागते. इनॅमल घडवणाऱ्या पेशींशी नाते सांगणारी ही गाठ साधारण पाचांपैकी चार रुग्णांत खालच्या जबड्यात, बहुधा मागच्या दाढांच्या आणि जबड्याच्या चढत्या भागाच्या परिसरात होते. ओपीजीमध्ये ती अनेक लहानमोठ्या काळ्या कप्प्यांची बनलेली दिसते; कप्पे मोठे असतील तर तज्ज्ञ त्याला साबणाचे बुडबुडे म्हणतात आणि लहान असतील तर मधमाश्यांचे पोळे. शेजारच्या दातांची मुळे सुरीने कापल्यासारखी सरळ रेषेत विरघळलेली असतात, हाडाचे आवरण आतून रेटा मिळून पातळ होत बाहेर फुगलेले असते, आणि पुष्कळदा गाठीच्या पोटात न उगवलेली अक्कलदाढ अडकलेली असते. ही गाठ शरीरात दूर पसरण्याचे उदाहरण अगदी विरळा, परंतु जागच्या जागी ती हट्टी असते. तिच्या पेशी जाळीदार हाडाच्या पोकळ्यांतून चित्रात दिसणाऱ्या सीमेच्याही पलीकडे शिरलेल्या असतात, म्हणून नुसती खरवडून काढलेली गाठ बऱ्याच रुग्णांत पुन्हा उद्भवते, कधी कधी दहा-वीस वर्षांनीही. शल्यचिकित्सक यामुळेच एक्स-रेमधील कडेच्या पुढे साधारण एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाड धरून जबड्याचा तुकडा काढतात आणि मोठी गाठ असेल तर पायाच्या बारीक हाडाचा रक्तवाहिन्यांसह घेतलेला भाग बसवून जबडा पुन्हा घडवतात. पायाचे हाड बसवण्याची ही पद्धत 1989 मध्ये प्रथम वर्णिली गेली. 2014 मध्ये या गाठीच्या पेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकात विशिष्ट बदल मोठ्या प्रमाणात आढळल्यामुळे औषधोपचाराची वाटही काही रुग्णांसाठी खुली होऊ लागली आहे. शस्त्रक्रियेची आखणी आणि त्यानंतरची अनेक वर्षांची देखरेख ही दोन्ही कामे मात्र एक्स-रेवाचून होत नाहीत.

अडचण अशी की बुडबुड्यांचे हे चित्र फक्त अमेलोब्लास्टोमाचे नाही. केराटोसिस्ट नावाची पिशवी, जिच्यात त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन हे प्रथिन साठते, तीही जबड्याच्या मागच्या भागात अशीच दिसू शकते. फरक असा की ती आडवी फुगण्याऐवजी हाडाच्या लांबीच्या दिशेने पोकळीतून सरकत जाते, त्यामुळे एक्स-रेमध्ये मोठी दिसली तरी बाहेरून चेहऱ्यावर फारशी सूज नसते. तिचे वर्गीकरणही डळमळीत राहिले: जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला गाठींच्या वर्गात टाकले आणि 2017 मध्ये परत सिस्टच्या वर्गात आणले. एकाच रुग्णात अशा अनेक पिशव्या दिसल्या तर गॉर्लिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकाराचा संशय घ्यावा लागतो, ज्यात पुढे त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका असतो. म्हणजे दातांच्या एका चित्रावरून साऱ्या कुटुंबाची तपासणी सुरू होऊ शकते. न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती, बरोबर माथा आणि मूळ यांच्या संधिरेषेपासून सुरू होणारा एकच गोल काळा डाग हा बहुधा साध्या डेंटिजेरस सिस्टचा असतो. तर मेलेल्या, म्हणजे आतली नस निकामी झालेल्या, दाताच्या मुळाच्या टोकाशी असलेला गोल डाग हा मुळाशी साचलेल्या संसर्गातून झालेल्या पिशवीचा असू शकतो, आणि जबड्यातील सिस्टमध्ये याच प्रकाराचे प्रमाण सर्वाधिक आहे.

येथे एक साधी चाचणी पुष्कळ काम करते. मुळाच्या टोकाशी डाग दिसला की तो दात जिवंत आहे की मेलेला हे थंड पदार्थ किंवा सौम्य विजेचा झटका देऊन पाहता येते. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, विशेषतः आफ्रिकी व आशियाई वंशाच्या, खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी हाड बदलण्याचा एक निरुपद्रवी प्रकार आढळतो, जो आधी काळा, मग मधोमध पांढरा ठिपका असलेला आणि शेवटी पूर्ण पांढरा होत जातो. पहिल्या अवस्थेत तो हुबेहूब संसर्गासारखा दिसतो, पण दात जिवंत असतात. चाचणी न करता केवळ फोटो पाहून अशा धडधाकट दातांचे रूट कॅनॉल उरकले जाते, आणि रुग्णाचे पैसे व दात दोन्ही विनाकारण खर्ची पडतात.

पांढऱ्या दिसणाऱ्या गाठींत सर्वांत ओळखीची ओडोंटोमा. तिच्यात दाताचेच घटक चुकीच्या मांडणीने तयार होतात. एका प्रकारात इवल्या दातांचा पुंजका स्पष्ट मोजता येतो, तर दुसऱ्यात पांढरा, आकारहीन गोळा असतो. मुलाचा पुढचा एका बाजूचा दात उगवून सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा येत नसेल तर एक्स-रे काढावा, असे जे सांगितले जाते त्यामागे हेही एक कारण आहे, कारण वाट अडवणारी ओडोंटोमा वेळीच काढली तर अडलेला दात जागेवर आणता येतो. काळ्या डागात बर्फाच्या भुरभुरीसारखे पांढरे कण दिसले तर ज्या विरळ गाठीचा विचार होतो तिला डॅनिश शास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग यांचे नाव आहे. त्यांनी तिचे वर्णन 1955 मध्ये केले. 1971 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे दंतजन्य गाठींचे पहिले वर्गीकरण तयार करणाऱ्यांत हेच पिंडबोर्ग होते, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी भारतीय खेड्यांतील हजारो लोकांची तोंडे तपासून तंबाखू आणि सुपारीच्या दुष्परिणामांचा अभ्यासही केला.

हाडाच्या कर्करोगाची खूण मात्र फार सूक्ष्म असू शकते. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये दात धरून ठेवणाऱ्या तंतूंची जी अतिशय अरुंद काळी फट असते, ती एखाद-दुसऱ्या दाताभोवती दोन्ही बाजूंनी सारखी रुंदावलेली दिसणे हे ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगाचे प्रारंभीचे लक्षण असू शकते, असे गॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये दाखवून दिले. आफ्रिकेतील युगांडामध्ये डेनिस बर्किट यांनी 1958 मध्ये लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले. त्या रोगात दाताच्या खोबणीला आतून अस्तर लावणारी बारीक पांढरी रेषा सुरुवातीलाच पुसली जाते. स्तन किंवा इतर अवयवांचा कर्करोगही जबड्याच्या मागच्या भागात उतरू शकतो, आणि कारण नसताना खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणे हे त्याचे लक्षण कित्येकदा चित्रातल्या डागाच्याही आधी येते. अशी बधिरता घेऊन आलेल्या रुग्णाला व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन परत पाठवणे अक्षम्य होय.

महाराष्ट्राच्या संदर्भात याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. येथे जबडा सर्वाधिक गमवावा लागतो तो हाडात जन्मलेल्या गाठीमुळे नव्हे, तर गाल आणि हिरडी यांच्या खोबणीत तंबाखू, गुटखा, मावा किंवा विदर्भातला खर्रा धरून ठेवल्याने तेथल्या अस्तरात सुरू होणाऱ्या आणि मग हाडात शिरणाऱ्या कर्करोगामुळे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी तो मिळत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. हा कर्करोग मऊ अस्तरात सुरू होत असल्याने आरंभीच्या अवस्थेत एक्स-रेला तो दिसतच नाही. तो दिसतो डोळ्यांना आणि हाताला लागतो, तोंड उघडून आरशात पाहिले तर. एक्स-रेचे काम येथे पुढचे आहे: कर्करोगाने हाडाला स्पर्श केला आहे का, केवळ वरची कड कापून भागेल की जबड्याचा पूर्ण तुकडा काढावा लागेल, आणि किरणोपचाराआधी कोणते दात काढून टाकायला हवेत, हे ठरवण्यास ओपीजी मदत करते. सुपारीमुळे तोंडाचे अस्तर कडक होऊन ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही त्यांच्या तोंडात फिल्म ठेवणेच अशक्य असते, आणि त्यांच्यासाठी बाहेरून घेतली जाणारी ओपीजी हाच मार्ग उरतो. ‘फोटोत काही नाही’ हे वाक्य तंबाखू खाणाऱ्या रुग्णाला दिलासा म्हणून ऐकवले जाते तेव्हा त्यासारखे फसवे वाक्य दुसरे नसते.

गाठ आढळल्यावर तिची तिसरी मिती कळणे आवश्यक असते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इटलीत आलेल्या सीबीसीटी तंत्रात शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एक फेरी मारतो आणि संगणक त्या माहितीतून जबड्याचे हव्या त्या पातळीवरचे छेद तयार करतो. गाठीने आवरण आतल्या बाजूने फोडले आहे की बाहेरच्या, ओठाच्या नसेचा कालवा कोठे ढकलला गेला आहे, हे त्यात मिलिमीटरच्या हिशेबाने दिसते. मऊ ऊतींतील प्रसार पाहायचा असेल तर मात्र सीबीसीटी अपुरे पडते आणि रुग्णालयातील सीटी किंवा एमआरआय लागते. मात्रेचा हिशेबही सांगायला हवा, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही त्याच्या अज्ञानातून येतात. निसर्गातून प्रत्येक माणसाला वर्षभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट, म्हणजे 2400 मायक्रोसीव्हर्ट, इतका किरणोत्सर्ग मिळतोच. दाताच्या छोट्या डिजिटल एक्स-रेची मात्रा काही थोड्या मायक्रोसीव्हर्टची, ओपीजीची साधारण वीसच्या आसपास, तर सीबीसीटीची यंत्र आणि चित्रक्षेत्र यांनुसार काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत असते. म्हणून संशय असताना ओपीजी नाकारण्यात शहाणपण नाही, आणि प्रत्येक दातदुखीला सीबीसीटी काढण्यातही नाही. भारतात अशी यंत्रे मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात आणि ती वापरण्यासाठी मंडळाची अनुमती घ्यावी लागते.

इतके सारे वाचून झाल्यावरही एक्स-रे देतो ती शक्यतांची क्रमवार यादी. अंतिम निर्णय बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दिलेल्या अहवालाचा असतो. तरी चित्राचे महत्त्व येथेही कमी होत नाही, कारण तुकडा कोठून घ्यायचा हे चित्रच सांगते आणि घाई करू नका असेही तेच सांगते. जबड्यातील एखादा कप्पेदार काळा डाग रक्तवाहिन्यांचा गुंता असू शकतो, आणि तेथे दात काढला किंवा चीर दिली तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून आधी सुईने द्रव ओढून पाहतात. पिवळसर पातळ द्रव आला तर साधी सिस्ट, दाट पांढरा लगदा आला तर केराटोसिस्ट, काहीच आले नाही तर घन गाठ, आणि ताजे रक्त भसाभसा आले तर हात आखडता घ्यायचा, असा हा जुना आणि भरवशाचा नियम आहे. अलीकडे ओपीजीवरून अमेलोब्लास्टोमा आणि केराटोसिस्ट वेगळे ओळखायला संगणकाला शिकवण्याचे प्रयोग जपान, कोरिया आणि इतर देशांत चालू आहेत. दुर्लक्षित कोपऱ्याकडे बोट दाखवणारा मदतनीस म्हणून अशी प्रणाली उपयोगी ठरेल. पण जो डाग दोन निष्णात तज्ज्ञांनाही एकसारखा दिसतो तो केवळ चित्रावरून वेगळा ठरवणे यंत्रालाही सोपे नाही, कारण पेशींची माहिती मुळात चित्रात नसतेच.

दंतवैद्यकात या वाचनासाठी ओरल मेडिसिन आणि रेडिओलॉजी ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे, आणि तिचे विभाग मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आहेत. गावातल्या दवाखान्यात काढलेली ओपीजी तेथे दाखवून घेता येते. रुग्णाने स्वतः करावे असेही काही आहे. एक्स-रेचे पैसे दिल्यावर त्याची प्रत किंवा डिजिटल फाइल मागून घ्यावी आणि ती टाकून देऊ नये, कारण पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात तोच डाग त्याच आकाराचा होता की नाही, या एका तुलनेने सौम्य आणि धोकादायक यांतला फरक पुष्कळदा उलगडतो. दात काढल्यानंतरची जखम नेहमीच्या मुदतीत भरत नसेल, हिरड्या चांगल्या असूनही दात हलत असतील, जबडा एका बाजूने फुगत असेल किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर आणखी एक दात काढून घेण्याआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढावा आणि तो केवळ दुखऱ्या दातापुरता न पाहता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचून त्याचा लेखी अहवाल द्यावा, असे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे.